कार्ड आहे, पण गोळ्यांचं काय?
कुणीतरी म्हटलंय की आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य विम्याचं ५ लाखांचं कार्ड आलं म्हणजे गरिबाचा प्रश्न सुटला. मला नाही पटत. ते कार्ड अ‍ॅडमिट झाल्यावर चालतं हो, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांना नाही, आणि खरा खिसा तिथेच रिकामा होतो. माझी आत्या गावच्या सरकारी दवाखान्यात जायची, केसपेपर निघायचा, डॉक्टर नीट तपासायचे पण खिडकीवर गोळ्या "संपल्यात, बाहेरून घ्या", मग ती एक दिवसाआड गोळी खायची, पट्टी पदराच्या गाठीत बांधून पुरवून पुरवून. शेवटी पॅरालिसिसचा अटॅक आला. तेव्हा कार्ड चाललं, पण उजवा हात गेला तो गेलाच.

तामिळनाडूने औषधांसाठी १९९४ लाच वेगळं महामंडळ काढलं, अख्ख्या राज्याची एकत्र खरेदी, प्रत्येक हॉस्पिटलला किती रुपयांची औषधं उचलता येतील त्याचं पासबुक, कुठल्या गोदामात किती साठा ते कॉम्प्युटरवर. आपल्याकडे महाराष्ट्रात अशा एकत्र खरेदीसाठी प्राधिकरणाचा कायदा व्हायला २०२३ उजाडलं. विमा नको असं नाही म्हणत मी, पण आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खिडकीवर महिनाभराच्या गोळ्या तरी मिळू देत ना!