सीमेवरची खेप : माणसं हे काम का धरतात?

सिंधुदुर्गातल्या बांदा, सातार्डा, आरोंदा, दोडामार्ग या पट्ट्यात गोव्याच्या हद्दीपलीकडे माल पोचवण्याची आणि तिकडून आणण्याची मजुरी, म्हणजे खेप, फार जुनी आहे. कधी डोक्यावरून, कधी दुचाकीवर, कधी एसटीच्या टपावरून. नोंद नाही, पावती नाही. हे काम का धरलं जातं, हिशेब कुठे बसतो आणि कुठे फसतो, हे जवळून जाणणाऱ्यांनी इथे लिहावं. माल लपवण्याच्या युक्त्या नकोत, कामाचं अर्थकारण लिहा.

तेरेखोलकाठ

आधी वर्षाचं गणित बघा. भाताचं पीक बहुतेकांचं एकच, आणि ते घरात खायलाच संपतं. रोख पैसा देणारा काजू फेब्रुवारी ते मे, आंबाही तेव्हाच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे बोटीवरचा खलाशी घरी. गोव्यातल्या हॉटेलांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, त्यामुळे तिथे राबणारी पोरंही पावसात परत. याच काळात खत, वह्या-पुस्तकं, घराची शाकारणी हे खर्च येतात आणि पाठोपाठ चतुर्थी. चतुर्थीला उधारी ठेवून चालत नाही. खेपेला 'हो' म्हणणारा माणूस बहुतेकदा या तीन-चार महिन्यांत भेटतो. त्याला आळशी किंवा लोभी म्हणणाऱ्यांनी हे कॅलेंडर एकदा समोर ठेवावं.

बागायतदार, दोडामार्ग

काजूचं सांगतो. बी आणि बोंडू (काजूचं फळ) यांची वाहतूक अगदी वेगळी.

बी सुकवली की महिनोन्‌महिने टिकते, म्हणून ती भाव बघून हलते. गोवा सरकारने 2023 मध्ये काजू बीची आधारभूत किंमत किलोला 125 वरून 150 रुपये केली. ती गोव्यातल्या कृषी कार्डधारक शेतकऱ्यांसाठी. इकडचा बाजारभाव खाली असला की साहजिकच बी तिकडे वाहून नेण्याची ओढ लागते. पण कार्ड दुसऱ्याचं, पैसे दुसऱ्याच्या खात्यात. त्याने हात वर केले तर दाद कुठे मागणार?

बोंडूला थांबायला वेळच नाही. सकाळी पडलेलं फळ त्याच दिवशी मळून रस काढला नाही तर आंबतं. एक किलो बीमागे आठ-दहा किलो बोंडू निघतो. आपल्याकडे परवान्याशिवाय त्याची दारू गाळणं गुन्हा, पलीकडे परवान्याच्या भट्ट्या आणि 2009 पासून फेणीला भौगोलिक मानांकन. इथे कुजणारं फळ तिथे कच्चा माल होतं. दोन-चार तासांत क्रेट भरून पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याची आणि भरणाऱ्या मजुरांची गरज त्यातूनच पडते. क्रेट काठोकाठ भरला की खालची फळं फुटून रस वाटेतच गळतो आणि भट्टीवर वजनात मार बसतो. मजुरी वजनावर असेल तर तो मार हमालावर.

नाक्याशेजारी

आता दारू, कारण मुख्य विषय तोच.

2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि बऱ्याच वस्तूंवर दोन्हीकडे एकच दर झाला. पिण्याची दारू त्याबाहेर राहिली. तिच्यावरचा कर प्रत्येक राज्य आपापला ठरवतं, आणि गोव्याचा कमी आहे. फरक टिकला म्हणून खेप टिकली.

750 मिलीच्या 12 बाटल्यांची एक पेटी, म्हणजे नऊ लिटर. काचेसकट चौदा-पंधरा किलो. वाहणाऱ्याला पेटीमागे किंवा खेपेमागे ठरावीक रक्कम मिळते. आत स्वस्त माल असो की महाग, त्याची मजुरी बदलत नाही. पकडलं गेल्यावर मात्र पूर्ण किमतीचा मुद्देमाल त्याच्या नावावर लागतो. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर किंवा पुढे कुठेही थांबवलं, तरी बाटलीवरच 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' छापलेलं असतं. वेगळा पुरावा लागत नाही. पिण्याचा परवाना खिशात असला तरी उपयोग नाही, कारण या मालावर महाराष्ट्राचा कर भरलेला नसतो.

1949 च्या दारूबंदी अधिनियमाचं कलम 65 लागतं. गाडी जप्त होते. ती बहुतेकदा हप्त्यावर घेतलेली असते. आवारात पावसात गंजत पडते, आणि हप्ते चालूच राहतात. मालाचा मालक जागेवर कधीच नसतो.

याहून मोठं नुकसान पुढे कळतं. गुन्हा नोंदला की पोलीस पडताळणीत तो दिसतो. पासपोर्ट, आखातातली नोकरी, जहाजावरची नोकरी, तिन्ही वाटा अडतात. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना हे कोणी आधी सांगत नाही, आणि मला याचाच सर्वांत जास्त राग येतो.

खाडीपट्टा, खेड

आखातात जाणाऱ्या आमच्याकडच्या माणसांची सीमा म्हणजे विमानतळ. सोन्यावरचं आयात शुल्क 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात 15 टक्क्यांवरून 6 वर आलं. शुल्क चुकवून आणलेल्या सत्तर लाखांच्या सोन्यावर आधी साडेदहा लाख वाचायचे, कपातीनंतर चार लाख वीस हजार. आणणाऱ्याच्या हातात तिकीट आणि वर थोडे पैसे. ज्याचा करार संपलाय, पगार अडकलाय, एजंटचं कर्ज डोक्यावर आहे, त्याला नुसतं तिकीटही पुष्कळ वाटतं.

सीमाशुल्क कायद्याचं कलम 123 लक्षात ठेवा. सोनं तस्करीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे ते सापडलं त्याच्यावर असते. म्हणून 'गावाला जातोयस ना, एवढं घेऊन जा' असं म्हणणारा सख्ख्या वाडीतला असला तरी पार्सल त्याच्यासमोर उघडा, प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघा, स्वतः पुन्हा बांधा. शिवलेलं, चिकटपट्टीने गुंडाळलेलं काही असेल तर सरळ नाही म्हणा. नातं त्यामुळे तुटत नाही.

जुने कागद

नवीन काही नाही यात. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर इथली जकातीची भिंत काही वर्षं निघाली होती. 1892 मध्ये करार संपला, ती परत उभी राहिली. 1955 नंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा विदेशी घड्याळं, पेनं, दारू इकडे यायची आणि रोजच्या गरजेचा माल तिकडे जायचा. 19 डिसेंबर 1961 नंतर जकात गेली, अबकारी राहिली.

शुक्रवारची टोपली

सगळं बेकायदाच असल्यासारखा सूर लागलाय, म्हणून लिहिते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी, कोकम, सुकी मासळी घेऊन जाणाऱ्या आमच्या बायकाही खेपच करतात, आणि ती पूर्ण सरळ आहे. वीस-पंचवीस किलोची टोपली, पहाटेची गाडी. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढचं पूर्ण. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, गोंयकार वर्षाची बेगमी करतात तेव्हा कोकमाची सोलं आणि सुकट हातोहात खपते. दोघी-तिघींनी मिळून रिक्षा-टेम्पो केला तर भाडं वाटून जातं, पण बाजारात बसायला जागा पहाटे पोचणारीलाच मिळते. उशीर झाला की माल दारातच व्यापाऱ्याच्या भावाने द्यावा लागतो.

तेरेखोलकाठ

ताई, बरोबर. याच बायकांना जूनमध्ये विकायला काही उरत नाही. कोकम-सुकट मेमध्येच संपवण्याऐवजी थोडी कोरड्या जागी साठवून चतुर्थीच्या आधी काढली, तर भाव चढा मिळतो. अडचण ओलीची आहे. पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा आणि दोन उन्हं जास्त दिलेली सोलं, एवढं केलं तर बुरशी लागत नाही. सुकटीचं कोणी नीट करत असेल तर इथे लिहावं.