व्हिक्टोरिया मार्केटचं म्युझियम झालं ते बरं झालं का?

लष्करकर
परवा पुण्याहून भाचा आला होता. त्याला आमच्या ग्वाल्हेरच्या महाराज बाडा चौकात नेलं, तर विचारतो, "मामा, म्युझियमला सगळे मार्केट का म्हणतात?"
२०१० साली आग लागेपर्यंत आमच्या घरच्या वह्या-पुस्तकं तिथूनच यायची. जुलैत शाळा उघडली की बाबा यादी खिशात घालून निघायचे, पण दुकानदार ती वाचायचासुद्धा नाही. शाळा कुठली, वर्ग कितवा एवढं विचारलं की गठ्ठा समोर. मागच्या वर्षीची पुस्तकं अर्ध्या किमतीत परत घ्यायचा; आत पेनाची रेघ दिसली की तोंड वाकडं. जिल्दीचा खाकी कागद वर फुकट.
आगीनंतर इमारत दुरुस्त केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथं भूविज्ञान संग्रहालय उघडलं. दगड वाचला, बाजार गेला. निदान दर्शनी चार कमानी तरी पुस्तकवाल्यांना परत द्यायच्या होत्या.

मुरारची सून
काका, मला नाही पटत. आत कागदाचे गठ्ठे छतापर्यंत, वर लोंबणाऱ्या वायरी, त्यात उदबत्ती लावून बसलेले दुकानदार. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा आत गेले आणि घाबरून बाहेर आले. अशा जागी परत दुकानं? बाड्यावरच्या सगळ्या जुन्या इमारतींत ही एकच धुरकट दिसायची. आता मुलं आत जाऊन खडक आणि जीवाश्म बघतात. वाईट काय झालं?

फाळके बाजार
खडक बघायला आमचा किल्ला आहे की!

मुरारची सून
किल्ल्यावर सासूबाईंना चढवून दाखवा आधी.

नवी सडक ९०
दोघंही आगीवर आणि म्युझियमवर घसरताय. गिऱ्हाईक आधीच पांगलं होतं. शाळांनी पुस्तकं स्वतःच विकायला घेतली, तीही दरवर्षी बदलून. मग जुनं पुस्तक अर्ध्या किमतीत घेऊन दुकानदार विकणार कुणाला? आग लागली नसती तरी तिथं आज मोबाइलची कव्हरंच दिसली असती. आणि नव्या दुकानांचं तरी काय? बिग बझारच्या २६ जानेवारीच्या 'सबसे सस्ता दिन'ला काय झुंबड उडायची! २०२२ मध्ये देशभर शटर पडली. त्यासाठी कुणी धागा काढला का?

लष्करकर
बिग बझारमध्ये मला नावानं कोण ओळखत होतं? पण शाळांचा मुद्दा मान्य. ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

फाळके बाजार
नावानं ओळखायचा म्हणजे उधारीच्या वहीत नाव होतं, असं म्हणा.

लष्करकर
होतं. बाबांच्या नावापुढे सतरा रुपये होते, आणि आग लागली तेव्हा ते द्यायचेच राहिले होते. दुकानदार नंतर कुठं बसला ते बरंच शोधलं. सुभाष मार्केटात, नजरबागेत, दौलतगंजात विचारलं. कुणाला ठाऊक असेल तर इथं नाव लिहू नका, मला निरोप करा.

मुरारची सून
काका, हे आधी सांगायचं ना. दौलतगंजात माझ्या नणंदेचं घर आहे, विचारते.