स्लाइड शो चालू असताना मघाची स्लाइड पुन्हा कशी दाखवावी?

भूगोलप्रेमी
मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. लवकरच शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गात मला पर्जन्यछायेच्या प्रदेशावर पॉवरपॉइंटच्या आधारे बोलायचे आहे. अशा वर्गांत हमखास कोणीतरी महाबळेश्वर आणि वाईच्या पावसाचा नकाशा पुन्हा दाखवा म्हणते; मग मागे मागे येताना वाटेतले प्रत्येक अॅनिमेशन उलटे उलगडत बसते, नाहीतर एस्केप दाबून बाहेर यावे लागते आणि सगळा पसारा पडद्यावर दिसतो. शो न थांबवता हवी ती स्लाइड उघडण्याची आणि चर्चेच्या वेळी पडदा झाकण्याची काही सोय आहे का?

प्रयोगशाळा सहायक
आहे, आणि त्यासाठी माउसला हातही लावावा लागत नाही. स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबले की थेट ती स्लाइड उघडते. म्हणून महत्त्वाच्या स्लाइडांचे क्रमांक एका कागदावर लिहून समोर ठेवावेत. मात्र नकाशा टप्प्याटप्प्याने उमटणारा असेल तर पुन्हा गेल्यावर तो पहिल्यापासून सुरू होतो. यावर उपाय असा, की पूर्ण नकाशाची अॅनिमेशनविरहित प्रत फाइलच्या शेवटी ठेवून ती स्लाइड लपवावी; लपवलेली स्लाइड ओघात येत नाही, पण क्रमांक देऊन मागवली की हजर होते. पडदा काळा करण्यासाठी बी आणि पांढरा करण्यासाठी डब्ल्यू ही कळ आहे, तीच पुन्हा दाबली की स्लाइड परत येते. अंधाऱ्या सभागृहात डब्ल्यू टाळलेले बरे, डोळे दिपतात. कळफलक मराठीवर असेल तर आधी इंग्रजीवर आणावा.

निवृत्त प्राध्यापक
वरील उत्तराला थोडी पुस्ती जोडतो. विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून प्रोजेक्टरसाठी ‘एक्स्टेंड’ हा पर्याय निवडल्यास प्रेझेंटर व्ह्यू वापरता येतो, म्हणजे श्रोत्यांना फक्त स्लाइड दिसते आणि आपल्याला टिपणे, घड्याळ व पुढची स्लाइड. तिथे सर्व स्लाइडांची जाळी उघडून हवी ती निवडली तरी ती शोधाशोध श्रोत्यांना दिसत नाही. कधी टिपणेच प्रोजेक्टरवर जातात. तेव्हा गडबडून तारा उपसू नयेत, प्रेझेंटर व्ह्यूमधल्याच डिस्प्ले सेटिंग्जमध्ये दोन्ही पडद्यांची अदलाबदल करण्याचा पर्याय असतो. चुकून बाहेर पडलात, तर एफ ५ पहिल्या स्लाइडवर नेऊन बसवते. शिफ्टसह एफ ५ दाबले तर होता तिथूनच शो सुरू होतो. काही लॅपटॉपवर सोबत एफएन कळही दाबावी लागते.

भूगोलप्रेमी
दोघांचेही आभार. लपवलेल्या प्रतीची युक्ती आजच करून पाहते. नकाशावर घाटमाथ्याची रेघ तिथल्या तिथे ओढून दाखवता येईल का? आणि सभागृहातील संगणकावर पॉवरपॉइंटऐवजी लिबरऑफिस असेल तर?

प्रयोगशाळा सहायक
पॉवरपॉइंटमध्ये कंट्रोल आणि पी दाबल्यावर पेन मिळते, तर कंट्रोल आणि ए दाबल्यावर पुन्हा बाण. पेन हातात असेपर्यंत क्लिक केल्याने स्लाइड पुढे सरकत नाही, नुसता ठिपका उमटतो. तेवढ्यापुरत्या बाणाच्या कळा वापराव्यात. ई दाबले की रेघा पुसल्या जातात. लिबरऑफिस इम्प्रेसमध्येही क्रमांक व एंटर, बी, डब्ल्यू आणि एफ ५ याच कळा चालतात. पेनासाठी मात्र तिथे उजव्या क्लिकचा मेनू पाहावा.