मुले सभ्य बोलणे नेमके कसे शिकतात?

जिज्ञासू:
माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. कोणी तिला काही दिले की मी "काय म्हणायचं?" असे विचारते आणि ती देणाऱ्याकडे न पाहता माझ्याकडे पाहून "थँक्यू" म्हणते. अशा वेळी तिने त्या व्यक्तीचे आभार मानले की माझ्या परीक्षेत गुण मिळवले, हेच मला उमगत नाही. सगळ्याच समाजांत मुलांना असे पढवतात का, आणि त्यातून विनयाची जाण येते का?

भाषावेडा:
पढवणे अनेक ठिकाणी आढळते, पण काय पढवायचे ते समाजागणिक बदलते. पापुआ न्यू गिनीतील कालुली समाजाचा अभ्यास करणाऱ्या बाम्बी शीफेलिन यांनी नोंदवले आहे की तेथील आई एक वाक्य उच्चारते, त्याला 'असे म्हण' या अर्थाचा शब्द जोडते आणि मूल ते वाक्य तिसऱ्याच माणसाला ऐकवते. मात्र या वाक्यांत आर्जवापेक्षा ठामपणे मागणे, चिडवणे आणि जाब विचारणे यांचा भरणा असतो. जपानी आयांविषयी पॅट्रिशिया क्लॅन्सी यांचे निरीक्षण याहून वेगळे आहे. पाहुणी गप्प बसलेली असतानाही आई मुलाला सांगते, "ताईलाही खायचं आहे, असं ती म्हणते आहे." समोरच्याने न उच्चारलेली इच्छा ओळखणे हाच तेथे सभ्यतेचा पहिला धडा ठरतो, आणि माझ्या मते तो 'थँक्यू'पेक्षा कितीतरी अवघड आहे.

अनुस्वार:
आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी लिहितो. एलिझाबेथ बेट्स यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इटालियन मुलांना म्हाताऱ्या बाईच्या रूपातील एका बाहुलीकडे गोळी मागायला लावले आणि एकदा मागून झाल्यावर "आणखी गोड बोलून माग" असे सांगितले. लहानग्यांना फार तर 'प्लीज'ची भर घालता आली. मोठी मुले मात्र मागणीचे शब्दच सौम्य करू लागली. त्याहून रंजक काम इलेन अँडरसन यांचे आहे. मुलांच्या हाती आई, वडील, डॉक्टर अशा बाहुल्या दिल्यावर ती भूमिकेप्रमाणे भाषा बदलत आणि बाहुलीतल्या आईशी वडिलांपेक्षा अधिक थेट बोलत. म्हणजे कोणाशी कसे बोलतात हे मुलांना पुष्कळ आधी कळलेले असते. स्वतःच्या तोंडी ते यायला वेळ लागतो. (आईला हुकूम सोडणे हीदेखील एक प्रकारे अचूक समजच म्हणायची.)

जिज्ञासू:
दोघांचेही आभार. काल ती डॉक्टर होऊन खेळत होती. अस्वलाला तिने "तोंड उघड" असे फर्मावले, पण अस्वलाच्या आईला "तुम्ही इथे बसा हं" असे म्हणाली. खेळ संपल्यावर माझ्याकडे वळून नुसते म्हणाली, "पाणी!"