प्रति: मॅचिंगची अट
मॅचिंगमुळे, म्हणजे ग्रँटइतकाच वाटा कॉलेजनं उभा करायच्या अटीमुळे, छोट्या कम्युनिटी कॉलेजांनी गॅरेट ली स्मिथ कॅम्पस ग्रँटच्या (कॉलेजांतल्या आत्महत्या रोखण्याच्या कामासाठीची अमेरिकेची फेडरल ग्रँट) नादी लागू नये, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय ते अर्धंच पटलं. डॉलरला डॉलर दाखवावा लागतो हे खरं, पण तो रोखच हवा असं कुठंय? काउन्सेलरच्या पगारातला या कामाचा वाटा, ट्रेनिंगला दिलेला हॉल हेही धरता येतं, फक्त तो पैसा दुसऱ्या फेडरल ग्रँटमधला नको आणि कागद चोख हवेत.

खरी गोची रजिस्ट्रेशनची. सॅम डॉट गव्हचं (फेडरल ग्रँट घेणाऱ्यांनी नाव नोंदवायची सरकारी साइट) दरवर्षी रिन्यू करायचं, वर साम्साला, म्हणजे ही ग्रँट देणाऱ्या फेडरल संस्थेला, ईआरए कॉमन्सही (ग्रँटचे अर्ज सांभाळायची ऑनलाइन सिस्टिम) लागतं, आमच्याकडे तर लॉगिन कोणाच्या नावावर आहे हे शोधण्यातच (ऑफिसं सगळीकडे सारखीच!) बरेच दिवस गेले, त्यामुळे प्रपोजल लिहायला बसायच्या आधी ते उरकून घ्या.