चर्चा: बी.ए.च्या मुलांनी संशोधन करायचंच तर नागपूरच्या जरीपटक्यात करावं, मॉरिशसवर नको

जुनी_शुक्रवारी:
मी समाजशास्त्र शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणातलं पदवीचं चौथं वर्ष दारात आलंय. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधन घेता येतं, प्रबंधाला १२ श्रेयांक (क्रेडिट). म्हणजे जुन्या 'प्रोजेक्ट'सारखं चार मार्कांसाठी उरकायचं प्रकरण नाही. पण सुचवले जाणारे विषय बघा: 'परदेशस्थ भारतीय : एक अभ्यास', 'मॉरिशसमधील भारतीय संस्कृती'. मॉरिशसला ना मुलगी जाणार, ना तिचे मार्गदर्शक. नेटवरची पानं उचलून प्रबंध तयार.

मुलूख सोडून दुसरीकडे रुजलेली माणसं अभ्यासायची तर नागपुरात 'आपली बस' पुरते. जरीपटक्यात फाळणीनंतर आलेले सिंधी. कामठीत १८२१ ची छावणी आणि मद्रास फौजेमागून आलेली तेलुगू-तमिळ घराणी. एम्प्रेस मिलमध्ये राबायला आलेले छत्तीसगढी. जरा लांब जायची तयारी असेल तर गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत. आणि घाई आहे. १९४७ साली दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीला टेकली. पीएच.डी.वाल्यांची वाट बघत बसलो तर विचारायला कोणी उरणार नाही.

तर्री_पोहा:
म्याडम, बोलायले सोपं आहे हे. पण मार्गदर्शन कोन करून राहिलं? अर्धे मास्तर तासिका तत्त्वावर, सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. माझ्या रूममेटच्या प्रोजेक्टात पन्नास उत्तरदाते होते. त्यातले चाळीस तो एकटाच, पेनाचा रंग बदलून. वरून तीन पाय चार्ट अन् 'शासनाने लक्ष द्यावे' अशी शिफारस. बर्डीवर बाइंडिंग केलं, तोंडी परीक्षेत कोनी उघडून पाह्यलं नाही. पोट्टं एमपीएससीच्या मागे लागलं आहे, त्याच्या डोक्यावर हे आनखी कायले?

जुनी_शुक्रवारी:
हा आरोप प्रश्नावलीवर झाला. माझ्या हातात असतं तर मी ती बंदच केली असती. एका माणसाशी दोन तास बोलायचं आणि बोललेलं जसंच्या तसं उतरवून काढायचं. पेनाचा रंग बदलून तिथे काही साधत नाही. शिक्षकांचं मात्र खरं आहे. एकामागे आठ-दहा मुलं असतील तर जमेल, चाळीस असतील तर तुमच्या रूममेटचीच परंपरा चालणार.

दाल_पकवान:
आम्ही जरीपटक्याचे. बसमध्ये बसण्याआधी हे वाचा. आमच्या दादीकडे दर उन्हाळ्यात कोणीतरी मोबाईल घेऊन येतं. पहिला प्रश्न ठरलेला: "रेल्वेत काय काय पाहिलंत?" दादी कराचीहून बोटीने मुंबईला उतरली. सिंधची फाळणी पंजाबसारखी झाली नाही, प्रांत मधोमध चिरला गेला नाही. कराचीत दंगल उसळली ती जानेवारी १९४८ मध्ये, त्याआधी अनेक घरं जावं की राहावं याच विचारात होती. एवढंही न वाचता येतात, आणि दादी रडली नाही तर हिरमुसतात.

तिला बोलायचं असतं ते नंतरचं. इथे धंदा कसा उभा केला, नातवंडं सिंधी का बोलत नाहीत. १९६७ साली आमची भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, पण आमचं राज्य कुठाय? हे सांगायला लागली की मुली घड्याळ बघतात. आणि रेकॉर्डिंगची प्रत आजवर एकीनेही आणून दिली नाही. माझा संशोधनाला विरोधच आहे असं समजा.

निवृत्त_मास्तर:
दाल_पकवान यांच्याशी सहमत. विसाव्या वर्षी कोणाच्या घरात शिरून 'तुमचं दुःख सांगा' म्हणायचा अधिकार कोणी दिला? आधी वाचनालयात बसा. इथे विदर्भ संशोधन मंडळ आहे, विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, जुनी गॅझेटियरं आहेत. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे रसेल-हिरालाल यांचे १९१६ चे चार खंड तरी चाळा. मुलाखती एम.ए.नंतर.

इंदोरा_चौक:
मास्तर, त्याच खंडांवर नावांचा क्रम बघा. रसेल साहेब आधी, हिरालाल मागे. आमचं तेव्हापासून हेच चाललंय. दीक्षाभूमीवर परदेशी अभ्यासक कित्येक वर्षं येतायत. आमची माणसं त्यांना वस्तीत फिरवतात, चहा पाजतात, दुभाषी होतात. पुस्तक निघतं तिकडे, इथल्या वाचनालयात त्याची प्रत परवडत नाही. आता आमच्याच पोरींना प्रश्न विचारायची संधी आली तर त्यांनी एम.ए. होईस्तोवर थांबायचं?

जुलै १९४२ मध्ये नागपुरात अस्पृश्य महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती. त्या पिढीतल्या बाया काय म्हणतात हे आज वाचायला मिळतं ते मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार घरोघर जाऊन त्यांच्याशी बोलल्या म्हणून. 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ ला आलं. गॅझेटियरात ते कुठे होतं?

मॅडमशीही थोडं भांडण आहे. बसच्या तिकिटाएवढाच विषय का? अमेरिकेतल्या सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदीचा कायदा केला. हंगेरीत रोमा या तिथल्या वंचित समाजाच्या मुलांसाठी बाबासाहेबांच्या नावाची शाळा आहे. आमच्या गल्लीतली पोरं परदेशात नोकरीला आहेत, तिथे जयंती करतात आणि रोज रात्री आईला व्हिडिओ कॉल लावतात. त्या कॉलवर मुलाखत होते की. आमच्या पोरीने अमेरिकेवर लिहिलं तर तुम्हाला ते नेटवरून उचललेलं का वाटावं?

जुनी_शुक्रवारी:
मान्य. ओळखीचा माणूस तिकडे असेल तर तिकीट लागत नाही. माझा राग, जिथे कोणीच ओळखीचं नाही अशा मॉरिशसवर आहे. मास्तर, वाचन आधी हवंच, पण ते सहाव्या सत्रात उरका, चौथं वर्ष बाहेर घालवू द्या.

दाल_पकवान, प्रतीचं तुम्ही बोललात ते मी विभागात मांडणार आहे. प्रबंध जमा करण्याआधी रेकॉर्डिंग आणि उतरवलेला मजकूर त्या घरी पोचवायचा. वाचून त्यांनी नको म्हटलेलं काढायचं. पोच मिळाल्याची त्यांची सही असेल तरच तोंडी परीक्षा.

तर्री_पोहा:
सही तर मी दोन मिनिटांत करून देतो, चाळीस पाहिजेत का?

दाल_पकवान:
म्हणूनच विचारते. दादी अरबी लिपीतल्या सिंधीत सही करते. खरी की खोटी हे तुमच्या विभागात कोणाला वाचता येईल?