फर्ग्युसनचं इतकं चुकलं, तरी पहिले त्यालेच काहून वाचायचं?

ड्रॉइंगमास्तर_काटोल

नमस्कार मंडळी. मी काटोल तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो अन संध्याकाळी नेटच्या, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या, दृश्यकलेच्या पेपरची तयारी करून राहिलो. दोन महिने झाले, जेम्स फर्ग्युसन या वास्तुकलेच्या जुन्या इतिहासकारापाशी गाडी अडकली आहे. एका क्लासच्या नोट्स विकत घेतल्या होत्या, त्यात एका पानावर म्हणते 'भारतीय वास्तुकलेच्या इतिहासाचा पाया घालणारा', अन चार पानं पुढं गेलं की बंगालचे पुरातत्त्व अभ्यासक राजेंद्रलाल मित्रांनी खोडला, इंग्रज कलाअभ्यासक हॅवेलनं खोडला, १९७७ मध्ये कलेचे इतिहासकार पार्थ मित्तरनंही धुतला. आता पाया घातला की खड्डा खणला तेच कळेना.

मग म्हटलं नोट्स ठेवू बाजूला, मूळ पुस्तकच पाहू, म्हणून त्याचं १८७६ चं भारतीय अन पूर्वेकडच्या वास्तुकलेवरचं पुस्तक मोबाइलवर स्कॅनमध्ये वाचून राहिलो. इंग्रजी जड आहे, पण माणूस खांब कसा उभा आहे, वजन कुठं उतरते, छत कसं पुढं येत येत मिटते हे असं सांगतो की मलेच फळ्यावर काढून पाहावं वाटते. अन तेवढ्यात मधातच असं काही बोलून जाते की फोन उलटा करून ठेवतो मी.

तर टीका नेमकी कशावर आहे? तारखांवर, नजरेवर, की फक्त इंग्रज होता म्हणून? अन जाता जाता, पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज याच्याच नावाचं ना?

जुने_गुरुजी_चामोर्शी

आधी शेवटचं सांगतो. नाही हो! कॉलेज १८८५ चं, ते तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या नावाचं. तुमचा फर्ग्युसन वेगळा, १८०८ ते १८८६, स्कॉटलंडचा, कलकत्त्याला घरच्या पेढीत आला अन निळीच्या धंद्यात पैसा कमावून मोकळा झाला. वास्तुकलेचं रीतसर शिक्षण काही नाही. कॅमेरा ल्युसिडा (समोरचं दृश्य कागदावर दिसतं अन ते गिरवता येतं असं भिंगाचं साधन) घेऊन देशभर हिंडला, इमारतींची चित्रं काढली, मोजमापं घेतली. हे विसरू नका, कारण त्याच्या लिखाणातलं बळ अन खोट दोन्ही तिथूनच येतात. डोळ्यांनी पाहिलेल्यावर त्याचा इतका विश्वास की पोथी, शिलालेख, पंडित यांना तो दुय्यम मानायचा. शैलीवरून काळ ठरवायचा. जिथं शैली नीट कळली तिथं बरोबर आला, जिथं नाही तिथं सपशेल पडला. अमरावतीच्या स्तूपाचा कठडा त्यानं इसवी सनाच्या चौथ्या शतकात नेऊन बसवला, नंतरच्या अभ्यासकांनी तो मागं ओढला.

राजेंद्रलाल मित्रांचं भांडण मुळात पुराव्याचं. फर्ग्युसन म्हणे, भारतात दगडी बांधकाम ग्रीकांशी संबंध आल्यावर सुरू झालं, त्याआधी सारं लाकडाचं. मित्रांनी ओडिशाच्या मंदिरांवरच्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात (पहिला खंड १८७५ चा) अन नंतरच्या लेखांत हे नाकारलं. यावर फर्ग्युसननं पुढचा पुरावा द्यायचा की नाही? तर म्हाताऱ्यानं १८८४ मध्ये अख्खं पुस्तकच मित्रांविरुद्ध काढलं, अन त्यात इल्बर्ट बिल ओढून आणलं. हिंदी न्यायाधीशांना गोऱ्यांचे खटले चालवू द्यावे का, हा वाद तेव्हा पेटलेला होता. खांबाच्या वयावरची चर्चा थेट 'हे लोक आमच्या बरोबरीचे आहेत का' इथं गेली. माझ्या मते टीकेचं खरं मूळ इथं आहे, तारखा कोणाच्याही चुकतात.

आणि मजा अशी की पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, मित्र बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले.

वावरातले_दगड

गुरुजी तारखा कोणाच्याही चुकते हे खरं हाय पण याच्या किती चुकल्या ते तं सांगा ना जी 😄 त्यानं १८७२ मध्ये जगभरच्या मोठमोठ्या धोंड्यांच्या स्मारकांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात इंग्लंडचं स्टोनहेंज म्हणजे रोमन लोक गेल्यावरचं, अन एव्हबरीचे दगड म्हणजे आर्थर राजाच्या लढाईत मेलेल्यायची समाधी असं ठोकून दिलं. आता स्टोनहेंजचे मोठे दगड इसवी सनापूर्वी २५०० च्या आसपासचे मानतात, म्हणजे भाऊ तीन हजार वर्षांनी चुकला, अन तेही स्वतःच्या घरच्या धोंड्यायबद्दल. जेरुसलेमची डोम ऑफ द रॉक ही मुसलमानी वास्तू रोमन बादशहा कॉन्स्टंटाइननं बांधली हेही त्याचंच, तेही कोणी मानलं नाही.

मले हे काहून माहीत, तं आमचं वावर नागपूरजवळच्या जुनापाणीच्या बाजूनं हाय, काटोल रोडवर. तिथं धोंड्यायचे गोल हायेत, शेकड्यानं, काळे दगड मांडून केलेले रिंगण, मधात मातीचा उंचवटा. काही धोंड्यायवर वाटीएवढाले खळगे कोरलेले, लहानपणी बकऱ्या चारता चारता आम्ही त्यात चिंचोके टाकून खेळत होतो, कोणाच्या बापाले माहीत हे कबरी हायेत म्हणून. रिव्हेट-कार्नाक नावाच्या साहेबानं एकोणिसाव्या शतकात इथं खोदलं अन तेच खळगे इंग्लंडातल्या खळग्यायसोबत जुळवून पाहिले. पुढं माहूरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड इथं खोदकामं झाली, लोखंडी कुऱ्हाडी, कट्यारी, घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे दागिने निघाले, नैकुंडले तं लोखंड गाळायची भट्टीच सापडली. हे सारं इसवी सनापूर्वीचं, हजारभर वर्षाच्या आतलं.

आता माहा मुद्दा आयका. स्टोनहेंजात हा माणूस तीन हजार वर्षांनी चुकला तरी कोणी म्हटलं का की बघा स्कॉटिश लोकायले अक्कल नाही? नाही म्हटलं. फक्त म्हणले फर्ग्युसनसाहेबाचा अंदाज चुकला, संपलं. उलट १८७१ मध्ये तिकडच्या वास्तुविशारदांच्या संस्थेनं सोन्याचं मेडल देलं त्याले. अन मित्रायचं जे काही चुकलं असन ते साऱ्या बंगाल्यायच्या, साऱ्या हिंदुस्थानाच्या माथी. एकाची चूक ते चूक, दुसऱ्याची चूक ते जात.

लोणारकर_मी

@वावरातले_दगड एक नंबर. त्या खळग्यांचे फोटो टाका ना.

मास्तर, तुमच्या पेपरला उपयोगी पडेल असं सांगतो. त्याच्या वर्गीकरणावरची टीका नीट समजून घ्या, प्रश्न तिथंच येतात. त्यानं कप्पे केले ते असे: बौद्ध, जैन, द्राविडी, चालुक्य, इंडो-आर्यन, सारसेनिक. आता पहा, बौद्ध-जैन हा धर्म, द्राविडी-आर्यन हा वंश, चालुक्य हे राजघराणं, अन सारसेनिक म्हणजे मुसलमानी. कापूस क्विंटलनं, जमीन एकरानं, अन मोजणी एकाच रकान्यात, असं ते झालं. वंशावर त्याचा फार भर, अमुक वंशाचे लोक म्हणून अमुक इमारत. आमच्या लोणारचं दैत्यसूदनाचं देऊळ घ्या, पायापासून भिंत कोनाकोनानं दुमडत जाते, नकाशा ताऱ्यासारखा, दगड इथलाच काळा. हे त्याच्या हिशोबात चालुक्यात घालाल की इंडो-आर्यनमध्ये? आपल्या लोकांनी तर सरळ हेमाडपंती म्हणून टाकलं, पण तेही फसवंच आहे बरं, हेमाद्री यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री अन त्याच्या आधीच्या देवळांनाही त्याचंच नाव. कप्पे करायची खोड फक्त साहेबालाच नव्हती.

हॅवेलनं १९१३ च्या पुस्तकात नेमकं या कप्प्यांवरच बोट ठेवलं, की धर्मावरून शैली कापू नका, बांधणारे कारागीर तर तेच होते. हे मला पटते. पण हॅवेल दुसऱ्या टोकाला गेला, ताजमहालाच्या घुमटाचं मूळ त्याला अजिंठ्याच्या स्तूपात दिसायला लागलं. इराण, मध्य आशिया जवळपास गायबच. त्यामुळं 'हॅवेलनं फर्ग्युसनला खोडलं' असं एका ओळीत लिहू नका, एक पूर्वग्रह काढून दुसरा बसवला हेही लिहा.

अजून एक, तुमच्याजवळ कोणती आवृत्ती आहे ते पहिल्या पानावर पहा. १८७६ ची फर्ग्युसनची स्वतःची, एकाच खंडाची. १९१० ची दोन खंडांची, त्यात भारताचा भाग जेम्स बर्जेसनं सुधारला अन तारखाही दुरुस्त केल्या. लोक १९१० च्या आवृत्तीतलं वाक्य घेऊन फर्ग्युसनला शाबासकी देतात नाहीतर शिव्या, अन ते वाक्य असते बर्जेसचं.

पुराव्यानिशी_बोला

सगळे एकाच बाजूनं बोलून राहिले म्हणून थोडं उलटं. लाकडाचा मुद्दा फर्ग्युसनचा बरोबर होता. कार्ल्याच्या चैत्यात उभं राहून वर पाहा, दगडात कोरलेल्या छताला खऱ्या लाकडाच्या कमानी लावलेल्या आहेत, दोन हजार वर्षांपासून. कोरीव लेण्याला त्या कमानींची काही गरज नाही, छत तर डोंगरानंच धरलं आहे. पण कारागिराचा हात लाकडाचा होता म्हणून त्यानं लाकडाचं घर दगडात उतरवलं. भाज्याला तर खांब आतल्या बाजूला कललेले आहेत, लाकडी खांब रेटा सहन करायला तिरपे ठेवतात तसे. हे त्यानं ओळखलं अन ते आजही टिकून आहे. ग्रीकांनी शिकवलं हा पुढचा पल्ला मात्र त्याच्या मनातला.

अन १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढं त्यानं लेण्यांवर निबंध वाचला नसता तर कंपनी सरकारला अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायची सुचली असती का? रॉबर्ट गिल त्यानंतरच नेमला गेला, वर्षानुवर्षं तिथं राहून चित्रं काढली. बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली, ते वेगळं दुःख. मला इतकंच म्हणायचं की त्यानं जे पाहिलं ते वाचा, त्यानं पाहिलेल्यावरून लोकांविषयी जे काढलं ते तपासून घ्या.

जुने_गुरुजी_चामोर्शी

मान्य. फक्त पाहणं अन निष्कर्ष काढणं इतकं सुटं नसतं. भारतीय कला म्हणजे सतत उतरती, बौद्ध काळ वर अन मग घसरण, हे त्यानं आधीच धरून ठेवलेलं. म्हणून उशिराच्या देवळाच्या भरगच्च भिंतीसमोर उभा राहिला की त्याला ऱ्हासच दिसायचा. आमच्या मार्कंड्याच्या देवळाला, वैनगंगेच्या काठावर, महाशिवरात्रीला या कधी, ती भिंत उन्हं कलताना पाहा अन मग ऱ्हास म्हणा. पण आपणही त्याला 'विदर्भाचं खजुराहो' म्हणतो, दुसऱ्याच्या नावानं आपलं देऊळ ओळखतो, तेव्हा फर्ग्युसनला किती बोलावं हाही प्रश्नच.

ड्रॉइंगमास्तर_काटोल

सगळ्यांचे आभार, दोन महिन्यांत क्लासनं सांगितलं नाही ते इथं एका रात्रीत झालं. आवृत्ती पाहिली, १८७६ चीच आहे. 'पाया घालणारा' ही ओळ वहीत खोडली, 'खोडून काढला' हीही खोडली, दोन्हीच्या जागी इल्बर्ट बिल अन कार्ल्याच्या कमानी लिहून ठेवल्या. @वावरातले_दगड, रविवारी पोट्ट्यांना घेऊन स्केचिंगले येतो तुमच्याकडं, त्या खळग्यांचे रबिंग, म्हणजे कागदावर घासून ठसे, काढू, कागद अन कोळसा आमचा.

अन एक कबूल करतो, हसू नका. वर्गात भिंतीवर 'भारतीय कलेचे अभ्यासक' असा चार्ट लावला आहे मी, त्यात फर्ग्युसनचा फोटो म्हणून नेटवरून जो मोठ्या मिशांचा साहेब उतरवला तो आज नीट पाहिला. गव्हर्नर आहे तो.